तारीख पुढं गेली नाही

जयमाला परभणीकडची, जिंतूरच्याही पुढच्या एका खेड्यातली. लग्न होऊन चाकणला आली तेव्हा तिचा नवरा शेखर कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता. निगडीच्या स्टँडजवळून कामगार उचलायचे, मोशीवरून एमआयडीसीत आणून सोडायचे आणि शिफ्ट सुटली की परत न्यायचे, हे त्याचं काम. चाकणला लागूनच असलेल्या मेदनकरवाडीत छबूबाई नावाच्या जुन्या गावकरी बाईनं आपल्या वावरात भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. त्यातल्या दोन या जोडप्यानं घेतल्या आणि संसार मांडला. जयमालाही पुढं वायरिंगच्या एका कंपनीत लागली. गाडीत बसवायच्या वायरींचे जुडगे बांधायचे, उभ्यानं, आठ तास. मूलबाळ झालं नाही. काही वर्षं दवाखाने केले, मग दोघांनी तो विषय काढायचं सोडून दिलं.

शेखरची धाकटी बहीण मिनल हिंजवडीच्या बाजूला दिलेली. तिचा नवरा सिद्धेश तिकडच्या एका आयटी कंपनीच्या इमारतींतली एसी आणि लिफ्टची कामं बघायचा. मिनलला काविळीचं निमित्त झालं आणि दोन आठवड्यांत ती गेली. मागं राहिली दोन वर्षांचीही नसलेली पोर. बारावं-तेरावं उरकल्यावर सिद्धेश पोरीला कडेवर घेऊन मेदनकरवाडीला आला. त्याच्या दाढीचे खुंट वाढलेले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. म्हणाला, "वहिनी, चार महिने सांभाळा. मी जरा उभा राहतो." आणि त्यानं बंगळुरूला बदली मागून घेतली.

त्या चार महिन्यांची वर्षं कधी झाली ते जयमालाला कळलंच नाही. शाळेच्या दाखल्यावर पोरीचं नाव स्वरूपा, घरात पिंकी. जयमालाच्या कानाची पाळी बोटांत धरल्याशिवाय ती झोपायची नाही. कुकरच्या शिट्टीला घाबरायची, म्हणून कितीतरी दिवस या घरात डाळ पातेल्यात शिजली. जयमाला पहिल्या पाळीला कामावर गेली की छबूबाई पोरीकडं बघायच्या; जयमाला त्यांना आक्का म्हणायची. दुसरी पाळी मात्र जयमालानं कधी घेतली नाही. पोर संध्याकाळी दाराकडं डोळे लावून बसते, असं तिनं सुपरवायझरला सांगून टाकलं होतं. त्यापायी लाइनवर तिच्यानंतर आलेल्या पोरी तिच्या पुढं गेल्या. "मामी, मामी" म्हणता म्हणता पिंकीची जीभ घसरायची आणि 'मम्मी' व्हायची. जयमाला तिला दर वेळी दुरुस्त करायची. "मी मामी. मम्मी ती, फोटोतली," असं म्हणून भिंतीवरच्या मिनलच्या फोटोकडं बोट दाखवायची. हे सांगताना तिला काय वाटायचं, ते तिनं शेखरलाही कधी बोलून दाखवलं नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शेखर गेला. त्याचं तोंडसुद्धा नीट बघायला मिळालं नाही. जिंतूरकडून तिचे भाऊ आले, पोरगी तिच्या बापाच्या हवाली कर आणि तू आमच्याबरोबर चल म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं ते रीतीचंच होतं. नवरा नाही, त्याची बहीण नाही, मग त्या बहिणीच्या पोरीचं आणि हिचं नातं कुठल्या धाग्यानं बांधायचं? जयमालानं भावांना जेवू घातलं, एसटीत बसवून दिलं आणि सोमवारी ती कामावर गेली.

दुसऱ्या वर्षी सिद्धेश परतला. त्यानं दुसरं लग्न केलं होतं. बायको अपेक्षा नर्सरीच्या शाळेत शिकवायची, चऱ्होलीला नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता. पेढे घेऊन आला आणि म्हणाला, वहिनी, तुमचे उपकार फेडता येणार नाहीत, पण आता पोरीला न्यावं म्हणतो. जयमाला म्हणाली, परीक्षा होऊ द्या. परीक्षा झाली, तेव्हा म्हणाली, पावसाळा जाऊ द्या. पावसाळाही गेला. आणखी दोनदा असं झाल्यावर सिद्धेशनं वकील गाठला आणि मुलीचा ताबा मागायला कोर्टात अर्ज टाकला. त्याला तरी दोष कसा द्यावा? तो बाप होता आणि जयमाला त्याला नुसती पुढं ढकलत होती.

कोर्टातही तसंच झालं. पहिल्यांदा जयमालाच्या वकिलालाच दुसरीकडं काम निघालं आणि त्यानं तारीख मागून घेतली. दुसऱ्यांदा कंपनीत ऑडिट होतं, तिला रजा मिळाली नाही. त्या वेळी जजसाहेबांनी कागदावर लिहिलं की ही शेवटची संधी. पुढच्या तारखेला बाईंनी हजर राहायचं आणि आपली साक्ष द्यायची.

जयमालानं महिनाभर आधी रजा मंजूर करून घेतली. ठेवणीतली साडी इस्त्री करून आणली. काय सांगायचं ते भाकऱ्या थापताना मनाशी घोकत राहिली. आणि तारीख दोन दिवसांवर आली असताना पिंकीला ताप भरला. साधा ताप म्हणून गोळी दिली, तर दुसऱ्या दिवशी पोरगी मान टाकायला लागली. चाकणच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले डेंग्यू, पेशी उतरतायत, ठेवून घ्यावं लागेल. तारखेच्या दिवशी सकाळी पिंकीच्या हिरड्यांतून रक्त आलं. तिनं जयमालाच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं आणि सलाइनची सुई हलू नये म्हणून जयमाला त्याच अवस्थेत कॉटच्या कडेला वाकून बसली होती.

तिनं वकिलाला फोन केला. तो म्हणाला, काहीतरी कागद पाठवा. डॉक्टर राउंडला यायचे होते, सिस्टर म्हणाली सर्टिफिकेट दुपारी मिळेल. मग जयमालानं पिंकीच्या सलाइन लावलेल्या हाताचा फोटो काढून पाठवला. सिद्धेशलाही दोनदा फोन लावून बघितला. तो बंद होता. सिद्धेश कोर्टातच बसला होता.

तिकडं काय झालं ते तिला नंतर कळलं. वकिलानं तारीख पुढं ढकलण्याचा अर्ज दिला, फोटो दाखवला. समोरच्या वकिलानं हरकत घेतली, की हे तिसऱ्यांदा होतंय, फोटोतला हात कुणाचा हे कसं समजायचं? जजसाहेबांसमोर वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या प्रकरणांचे ढीग होते. सर्टिफिकेट जोडलेलं नाही, शेवटची संधी देऊन झाली आहे, समोरचे साक्षीदार हजर आहेत, असं लिहून त्यांनी अर्ज फेटाळला. सिद्धेशची साक्ष झाली, अपेक्षाची झाली. जयमालाच्या नावापुढं पुरावा बंद, म्हणजे आता तिची साक्ष होणार नाही, असा शेरा पडला. सर्टिफिकेट दुसऱ्या दिवशी कोर्टात पोचलं, तोवर युक्तिवादही आटोपला होता.

तारखेच्याच दिवशी संध्याकाळी सिद्धेश दवाखान्यात आला. हातात दोन शहाळी. पिंकीला ग्लानी होती. तो कॉटच्या त्या बाजूच्या स्टुलावर बसला, जयमाला या बाजूला.

"मला खरं वाटलं नाही वहिनी," तो म्हणाला. "वाटलं, परत काहीतरी कारण काढलंय."

"आता दिसतंय ना खरं?"

"दिसतंय."

"मग सांगा जजसाहेबांना. तुमचं ऐकतील."

सिद्धेशनं मान खाली घातली. आता निकालाचीच तारीख आहे, एवढंच तो बोलला. त्यानं वकिलाला विचारून बघतो म्हटलं, विचारलंही असेल. पण पुढं काही झालं नाही. माणूस वाईट नव्हता, पण हाताशी आलेलं सोडायलाही तयार नव्हता.

महिन्याच्या आत निकाल लागला. बाप हा नैसर्गिक पालक, त्याची परिस्थिती चांगली, आणि जिच्याकडं मुलगी आहे त्या बाईनं संधी मिळूनही आपलं म्हणणं मांडलं नाही. मामीनं मुलीला भेटण्याबद्दल निकालात एक ओळही नव्हती. 'संधी मिळूनही' हे शब्द वकिलानं वाचून दाखवले तेव्हा जयमालानं ते त्याला पुन्हा वाचायला लावले.

पिंकीला न्यायला सिद्धेश आणि अपेक्षा गाडी घेऊन आले. पिंकी आजारातून उठलेली, गळ्याची हाडं वर आलेली. कपडे किती घेऊ, असं तिनं विचारलं. जयमाला म्हणाली, सगळे घे. मग पिंकीनं विचारलं, मी परत कधी येऊ? जयमालाला ठाऊक नव्हतं. तरी तिनं सुट्टीत म्हणून सांगितलं आणि सिद्धेशकडं न बघता पिशवीची चेन लावली.

त्यानंतरचे दिवस जयमालानं कसे काढले हे छबूबाईंनाच माहीत. भाकरीचं पीठ दोघींपुरतंच मळलं जायचं. संध्याकाळी पाळीहून आली की ती कुलूप काढायच्या आधी दारावर टकटक करायची, सवयीनं, आणि मग तशीच उभी राहायची. झोपताना हात आपोआप कानाशी जायचा. चऱ्होली काही सातासमुद्रापार नव्हती. मोशीच्या चौकातून आळंदीकडं रस्ता फुटतो, तिथून थोडंसंच पुढं. काही कामानं भोसरीकडं जाताना बस त्या चौकात थांबली की जयमाला त्या वळणाकडं बघायची, आणि बस सुटली की मान वळवून मागच्या काचेतून बघायची. जवळ असणंच जास्त छळायचं. परभणीएवढं लांब असतं तर माणूस मन मारून बसलं असतं.

एकदा कंपनीला सुट्टी आणि शाळेला नाही अशा दिवशी ती त्या वळणावर उतरलीच. विचारत विचारत शाळेपाशी गेली आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या कडेला उभी राहिली. शाळा सुटली. निळ्या चौकड्यांच्या गणवेशातल्या एवढ्या पोरींत पिंकी तिला पहिल्यांदा ओळखूच आली नाही. तिचे केस मानेपर्यंत कापले होते. रोज सकाळी तेल लावून दोन वेण्या घालताना "मामी, दुखतंय" म्हणून ओरडणारी पोर आता मान झटकून केस मागं टाकत होती आणि मैत्रिणीच्या कुठल्याशा बोलण्यावर हसत होती. जयमालानं हाक मारली नाही. हसू थांबेल, अशी तिला भीती वाटली. रिकामीच परत आली आणि त्या दिवशी जेवली नाही.

छबूबाईंनी दोन दिवस हे बघितलं आणि तिसऱ्या दिवशी तिच्या दारात येऊन बसल्या. त्यांच्या घरात जमिनीची भांडणं दोन पिढ्यांची, कोर्टकचेऱ्या त्यांना नव्या नव्हत्या. म्हणाल्या, "अगं, तुझं कुणी ऐकूनच घेतलं न्हाई. हारली कुठं तू? ऐकल्यावर हारली असती तर गोष्ट येगळी." आणि त्या तिला निगडी प्राधिकरणातल्या दिव्या मॅडमकडं घेऊन गेल्या. या वकीलबाईंनी छबूबाईंच्या पुतण्याचं काम केलं होतं.

दिव्या मॅडमनी सगळे कागद शांतपणे वाचले. मग तिला समजावून सांगितलं, की तारीख द्यायची की नाही हे त्या जजच्या मर्जीवर असतं आणि वरचं कोर्ट सहसा त्यात हात घालत नाही. तुम्ही आधी दोनदा तारीख घेतली हेही आपल्या विरुद्ध जाणार. पण ज्या मुलीसाठी हा सगळा खटला, तीच दवाखान्यात होती. तिच्या उशाशी बसल्याबद्दल बाईला शिक्षा झाली, हे आपण विचारायचं. मुलगी कुणाकडं राहावी हा त्यानंतरचा प्रश्न.

"म्हणजे जिंकलो तरी पोरगी लगेच मिळायची नाही?" जयमालानं विचारलं.

"नाही. जिंकलो तर तुम्हाला बोलायला मिळेल."

जयमाला म्हणाली, चालेल.

हायकोर्टात अपील लागायला कित्येक महिने गेले. ज्या दिवशी पुकारा होणार होता त्या दिवशी ती पहाटेची गाडी पकडून मुंबईला गेली. दिव्या मॅडम म्हणाल्या होत्या, तुम्ही आलंच पाहिजे असं नाही. पण तारखेला हजर न राहण्याची तिला आता धास्तीच बसली होती. उंच छताच्या त्या दालनात ती मागच्या बाकावर बसली. सगळं इंग्रजीत चाललं होतं. तिला अधूनमधून 'डेंग्यू' एवढा शब्द ओळखू येत होता, आणि तो आला की ती ताठ बसायची. सिद्धेशच्या वकिलानं बहुतेक त्या दोन जुन्या तारखा मोजून दाखवल्या. मग जजसाहेबांनी दिव्या मॅडमना काही विचारलं, मॅडमनी मागं वळून जयमालाकडं हात केला. ती गडबडीनं उभी राहिली.

जजसाहेब मराठीत बोलले. "बाई, त्या दिवशी तुम्ही स्वतः कोर्टात येऊ शकत नव्हता का? मुलीजवळ दुसरं कुणी नव्हतं?"

"शेजारच्या आक्का होत्या साहेब," ती म्हणाली. खोटं सांगायचं तिला सुचलं नाही. "त्या बसल्या असत्या. पण पोरीनं पदर सोडला नाही."

जजसाहेबांनी मान हलवली आणि पुढच्या कागदाकडं वळले. बाहेर आल्यावर जयमाला रडायला लागली. आपण सगळं घालवलं, असं तिला वाटलं. आक्कांचं नाव कशाला घेतलं? दिव्या मॅडमनी तिला चहा पाजला.

निकाल आला तो तिच्या बाजूनं. दिव्या मॅडमनी फोनवरच मराठीत सांगितला. तारखा मागत राहायचं आणि खटला लांबवायचा, ही सवय वाईटच, असं त्यात होतं. तारीख नाकारण्याचा जजला अधिकार आहे, असंही होतं. पण तो अधिकार वापरताना समोर काय कारण आलंय ते बघायला हवं. सर्टिफिकेट दुपारपर्यंत मागवता आलं असतं, नाहीतर एका फोनवर खातरजमा झाली असती. लहान मुलाच्या भवितव्याचा निकाल, त्याला वाढवणाऱ्या बाईचं एक अक्षरही न ऐकता देणं बरोबर नाही. म्हणून निकाल रद्द, खटला परत खाली, बाईंची साक्ष घ्यावी. तोवर मुलगी आहे तिथंच राहील, आणि दर पंधरवड्याच्या शनिवारी मामीला भेटेल.

पहिली भेट कोर्टातल्या मुलांच्या खोलीत झाली. भिंतीवर रंगीत फुगे काढलेले, कोपऱ्यात एक चाक तुटलेली खेळण्यातली गाडी. पिंकी अपेक्षाचा हात धरून आली आणि दारातच उभी राहिली. खूप उंच झाली होती. जयमालानं डब्यातून शेंगदाण्याचे लाडू काढले. पिंकीनं एक घेतला, "थँक्यू मामी" म्हणाली, आणि नीटनेटकं बसून खाल्ला. इतकी शहाणी झाली होती की जयमालानं न सांगताच डबा तिच्याकडं आणखी सरकवला. मामी म्हणताना आता तिची जीभ कुठंही घसरली नव्हती. मग शाळेचं, चित्रकलेचं, अपेक्षाआईनं शिकवलेल्या पोहण्याचं बोलून झालं. वेळ संपताना मात्र पिंकीनं खाली बघत विचारलं, "तू का नाही आलीस मला न्यायला? सुट्टीत परत यायचं म्हणाली होतीस ना तू?"

जयमालानं तिला सांगितलं नाही की कोर्टानं येऊ दिलं नाही. "चुकलं माझं," असं म्हणाली.

साक्षीचा दिवस आला तेव्हा सगळं साध्या कामासारखं पार पडलं. नव्या बदलून आलेल्या जजबाई होत्या. जयमाला पिंजऱ्यात उभी राहिली आणि दुपारभर बोलली. कुकरच्या शिट्टीचं सांगितलं. कानाच्या पाळीचं सांगितलं. शेखर गेल्यावर पिंकीनं त्याचे बूट आत आणून पुसून ठेवले होते, तेही सांगितलं. जजबाई टायपिस्टला हळूहळू सांगून सगळं उतरवून घेत होत्या. उलटतपासणीत सिद्धेशच्या वकिलानं विचारलं, बाप म्हणून हे नालायक आहेत असं तुमचं म्हणणं आहे का? ती म्हणाली, नाही. त्यांनी तिला कधी मारलं, उपाशी ठेवलं? नाही. अपेक्षाबाई तिला नीट सांभाळत नाहीत का? सांभाळतात, केस कापले तेवढं मला आवडलं नाही. कोर्टात कुणीतरी हसलं.

"मग तुम्हाला मुलगी कशासाठी हवी आहे?"

"हवी आहे," जयमाला म्हणाली. "कशासाठी म्हणजे काय? मला ती हवी आहे."

जजबाईंनी पिंकीला एकटीला आपल्या खोलीत बोलावलं आणि अर्धा तास तिच्याशी बोलल्या. पिंकीनं आत काय सांगितलं ते कुणालाच कळलं नाही. जयमालानं तिला पुढंही कधी विचारलं नाही.

मुलगी बापाकडंच राहील, असाच निकाल लागला. ती तिथं रुळली आहे, शाळा बदलणं तिच्या हिताचं नाही. पण जजबाईंनी पुढं लिहिलं होतं, की या मुलीला आई नाही, मामा नाही, आजोळ म्हणून एवढं एकच घर उरलं आहे. ते तोडता येणार नाही. महिन्यातले दोन शनिवार-रविवार आणि दिवाळीची, उन्हाळ्याची अर्धी सुट्टी मुलगी मामीकडं राहील. पुन्हा वरती जायचं का, असं दिव्या मॅडमनी विचारलं. जयमाला म्हणाली, नको. या वेळी सगळं सांगून झालंय.

काही शनिवार-रविवार येऊन गेल्यावर पिंकी मेच्या सुट्टीत मेदनकरवाडीला राहायला आली. पहिले दोन दिवस पाहुण्यासारखी वागली. तिसऱ्या दिवशी छबूबाईंच्या वावरातल्या आंब्यावर चढली आणि खाली उतरता येईना म्हणून "मामी" म्हणून ओरडली. जयमाला शिडी शोधत पळाली. त्यानंतर घरात आवाज सुरू झाला. पण आठवडा पुरा व्हायच्या आत ती अपेक्षाआईला व्हिडिओ कॉल लावून तिकडच्या घरी पाळलेल्या आपल्या कासवानं खाल्लं का ते विचारायला लागली. जयमाला तेव्हा भांडी घासत होती. ती नळ बारीक करून ऐकत राहिली.

सुट्टी संपली, तेव्हा जयमाला तिला बसनं चऱ्होलीला सोडायला गेली. सिद्धेश सोसायटीच्या गेटपाशी उभा होता. दर वेळी तो वर या म्हणायचा आणि दर वेळी ती बस चुकेल म्हणून निघायची. या वेळी पिंकीनंच तिचा हात ओढला. घर पाचव्या मजल्यावर होतं. पिंकीनं तिला आपली खोली दाखवली, कासव दाखवलं, भिंतीला चिकटवलेली चित्रं दाखवली. पलंगाच्या वर मिनलचा फोटो होता, चांगल्या चौकटीत. अपेक्षानं चहा केला. जयमाला खुर्चीच्या कडेवर बसून तो प्यायली आणि चांगला झालाय म्हणाली. खरंच चांगला झाला होता.

खाली आल्यावर तिनं वर बघितलं. इतक्या गॅलऱ्या एकसारख्या होत्या की पाचवा मजला मोजूनही तिला नेमकी कुठली ते कळेना. कुठल्याशा एका गॅलरीतून एक हात हलला. तो पिंकीचाच असेल असं धरून जयमालानं हात हलवला आणि बस येईपर्यंत ती तशीच वर बघत उभी राहिली.